सैल वाचनाची किंमत : ‘पॅच’ सुरक्षित कसा होत गेला

लॅरी वॉल यांचे नाव निघाले की प्रोग्रॅमिंगच्या जगातल्या माणसाला पर्ल ही भाषा आठवते. पर्ल आली १९८७ मध्ये. त्याआधी दोन वर्षे, मे १९८५ मध्ये, वॉल यांनी यूझनेट या त्या काळच्या चर्चा-जाळ्यावर एक छोटा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला होता. त्याचे नाव ‘पॅच’. पर्लचा बोलबाला झाला आणि पुढे ओसरलाही. पॅच मात्र चाळीस वर्षे उलटली तरी रोज कुठे ना कुठे चालतोच आहे. लिनक्सची वितरणे तयार करणारे लोक मूळ सोर्स कोड घेतात, त्यात आपल्या दुरुस्त्या बसवतात आणि मग पॅकेज बांधतात. त्या दुरुस्त्या बसवण्याचे काम बहुतेक वेळा हाच प्रोग्रॅम किंवा त्याचे भाऊबंद करतात.

काम ऐकायला अगदी साधे आहे. जुनी फाइल आहे आणि ‘काय बदलायचे’ याची यादी आहे. दोन्ही घेऊन नवी फाइल तयार करायची. तरीही गेल्या पंधरा वर्षांत या साध्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची इतकी भोके सापडली की, ती बुजवण्याचा इतिहास हाच एक धडा होऊन बसला आहे. बाहेरून आलेला मजकूर प्रोग्रॅमने कसा वाचावा आणि कसा वाचू नये, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

यादी कशी दिसते?

दोन फाइलींमधला फरक काढणारा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला. त्यामागची पद्धत त्यांनी आणि जेम्स हंट यांनी १९७६च्या अहवालात मांडली. डिफ फरक काढतो, पॅच तो फरक दुसऱ्याच्या फाइलवर चढवतो. संपूर्ण सोर्स कोड पाठवण्याऐवजी बदललेल्या चार ओळी पाठवता येऊ लागल्या. मोडेमच्या संथ तारांवर चालणाऱ्या त्या काळात ही मोठीच सोय होती.

आज सर्वाधिक वापरात असलेला प्रकार ‘युनिफाइड डिफ’ म्हणून ओळखला जातो. तो १९९० मध्ये आला. एखाद्या वाचनालयाच्या प्रोग्रॅमची सेटिंगची फाइल बदलायची असेल तर तो असा दिसेल :

--- अ/सेटिंग
+++ ब/सेटिंग
@@ -१,३ +१,३ @@
 नाव = वाचनालय
-मुदत = ७
+मुदत = १४
 दंड = २

पहिल्या दोन ओळींत फाइलीचे जुने आणि नवे नाव. तिसरी ओळ सांगते की जुन्या फाइलीतल्या पहिल्या ओळीपासून तीन ओळी घ्या आणि त्या जागी तीन ओळी ठेवा. त्याखाली वजा चिन्हाची ओळ काढायची, अधिक चिन्हाची घालायची. ज्यांच्या आधी मोकळी जागा आहे त्या ओळी तशाच ठेवायच्या. बदलाची नेमकी जागा पटावी म्हणून त्या सोबत दिलेल्या असतात. अशा एका तुकड्याला ‘हंक’ म्हणतात. एका पॅचमध्ये शेकडो हंक असू शकतात.

या एवढ्याशा मजकुरात बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या तीन गोष्टी आहेत आणि प्रोग्रॅमला तिन्हींवर विसंबावे लागते : फाइलींची नावे, ओळींचे आकडे आणि ओळींचा मजकूर. पुढचा सगळा गोंधळ या तीन गोष्टींभोवतीच फिरतो.

उदारपणा हाच गुण होता

वॉल यांच्या पॅचची खरी करामत त्याच्या समजूतदारपणात होती. यूझनेटवरून आलेल्या संदेशात वर पत्ता-विषय, मध्ये दोन परिच्छेद गप्पा आणि खाली लेखकाची सही असे. पॅच हा सारा फाफटपसारा ओलांडून नेमका कामाचा भाग शोधून काढी. मधल्या काळात फाइल थोडी बदलली असेल आणि ओळी खालीवर सरकल्या असतील, तर तो आसपास शोधून योग्य जागा गाठी. संदर्भाच्या ओळी तंतोतंत जुळत नसतील तर कडेच्या एक-दोन ओळींकडे काणाडोळा करी. हे सर्व तो आजही करतो. डिफचा प्रकार कोणता हे तो स्वतःच ताडतो. विंडोजच्या पद्धतीची ओळ-अखेर असेल तर ती काढून टाकतो. कोणत्या फाइलीवर बदल चढवायचा हे तो वेगवेगळ्या उमेदवार नावांतून अंदाजाने ठरवतो आणि काहीच जमले नाही तर वापरणाऱ्याला विचारतो. फाइल जागेवर नसेल पण आरसीएस किंवा एससीसीएस या जुन्या नोंद-पद्धतींच्या कपाटात असेल, तर तिथून काढून आणण्याची तयारीही त्याच्यात आहे.

त्या काळाच्या मानाने हे योग्यच होते. ईमेलचे प्रोग्रॅम टॅब मोडत, मोकळ्या जागा गिळत, लांब ओळी तोडत. पॅच बिघडायचा तो वाटेतल्या अपघाताने. कुणी मुद्दाम बिघडवून पाठवेल ही शक्यता कुणाच्या गावीही नव्हती. इंटरनेटच्या पायाभूत नियमांचे मसुदे लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी १९८०च्या सुमारास जे तत्त्व मांडले तेही याच वळणाचे होते : स्वतः पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना सैल असावे. एका पिढीचे बहुतेक प्रोग्रॅम या संस्कारात वाढले.

गोम अशी की, चुकून बिघडलेला मजकूर समजून घेण्यासाठी ठेवलेली प्रत्येक पळवाट मुद्दाम बिघडवलेल्या मजकुरालाही तितकीच खुली असते. प्रोग्रॅम जिथे अंदाज बांधतो, तिथे त्याचा अंदाज कोणत्या दिशेला जावा हे समोरचा ठरवू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वरवर पटतोही. पॅच म्हणजे शेवटी कोडच ना? ज्याचा पॅच घेता त्याने वाईट हेतूने काही लिहायचे ठरवले तर तो सरळ कोडमध्येच लिहील. मग पॅच प्रोग्रॅमच्या सुरक्षेची एवढी चिंता कशाला? उत्तर कामाच्या क्रमात आहे. आलेला पॅच माणूस आधी वाचतो, मग चढवतो, मग तपासतो आणि नंतर केव्हातरी कोड चालवतो. तोही अनेकदा बंदिस्त यंत्रात. ‘चढवणे’ ही पायरी निर्धोक आहे, या गृहीतावर ही सगळी साखळी उभी आहे. शिवाय अनोळखी लोकांनी पाठवलेले पॅच आपोआप चढवून चाचण्या घेणाऱ्या यंत्रणा आता सर्रास आहेत. तिथे पॅच चढवतानाच घात होणार असेल, तर पुढच्या सगळ्या तपासण्या व्यर्थ.

नावांचा धोका

पहिला धोका फाइलीच्या नावातला. पॅचमध्ये नावाच्या जागी ‘../../’ असे काही लिहिले तर प्रोग्रॅम कामाच्या फोल्डरमधून वर चढून भलतीकडेच लिहू लागेल. ही त्रुटी सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत २०१० सालच्या क्रमांकाने नोंदली गेली. तिच्यावरचा उपाय म्हणून, मुळापासून सुरू होणारे मार्ग आणि ज्यांत दोन टिंबांचा टप्पा येतो असे मार्ग ‘ग्नू पॅच’ने, म्हणजे ग्नू प्रकल्पाने वॉल यांच्या कोडवरून वाढवलेल्या पॅचने, लक्ष्य म्हणून घेणे बंद केले.

तेवढ्याने भागले नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या पद्धतीचे पॅच नवी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल, तयार करू शकतात. मग एकाच पॅचमध्ये आधी ‘क’ नावाची सिमलिंक तयार करायची, जी बाहेरच्या फोल्डरकडे बोट दाखवते, आणि पुढच्या भागात ‘क/फाइल’ यात लिहायचे. नावात दोन टिंबे कुठेच नाहीत. तरी लिहिले जाते बाहेर. जानेवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आले. पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्या अपुरेपणाला वेगळा त्रुटी-क्रमांक मिळाला. फाइलीचे नाव बदलण्याच्या सूचनेतही दोन टिंबे घुसवता येतात, हे त्याच सुमारास कळले.

इथे एक मूलभूत अडचण आहे. ‘नाव तपासा आणि मग उघडा’ या दोन पायऱ्यांच्या मध्ये नावाचा अर्थ बदलू शकतो. म्हणून पक्का उपाय वेगळा असतो : मार्गातले फोल्डर एकेक करून उघडत जायचे, प्रत्येक पायरीवर पुढचा टप्पा सिमलिंक आहे का ते पाहायचे, आणि पुढची फाइल नेहमी ‘आत्ता उघडलेल्या या फोल्डरातली’ अशा भाषेत मागायची. ग्नू पॅचने अखेर हाच रस्ता धरला. गिटची पॅच चढवण्याची स्वतंत्र कमांड आहे, तिलाही हे चुकले नाही. २०२३ मध्ये तिच्यात सिमलिंकच्या आडून कामाच्या फोल्डरबाहेर लिहिण्याची त्रुटी सापडली आणि काही आठवड्यांतच दुसरी : नाकारलेले हंक जिथे साठवले जातात त्या फाइलीमार्फत बाहेर लिहिण्याची. म्हणजे नकार नोंदवण्याचा मार्गही पारखून घ्यावा लागतो.

आकड्यांचा धोका

दुसरा धोका हंकच्या माथ्यावरच्या आकड्यांचा. ‘तीन ओळी’ असे लिहिले आहे म्हणून खाली तीनच ओळी असतील असे नाही. आकडा प्रचंड मोठा असू शकतो, शून्य असू शकतो, खालच्या मजकुराशी विसंगत असू शकतो. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम या आकड्यांवरून मेमरी मागतो, रकाने मोजतो आणि उड्या मारतो. आकडा खोटा असेल तर उडी भलत्या जागी पडते.

आकडे तपासतानाही एक फसवी जागा आहे. सुरुवातीची ओळ आणि ओळींची संख्या यांची बेरीज कमाल मर्यादेपेक्षा मोठी आहे का, हे पाहायचे असते. बेरीज करून मग तुलना केली तर बेरीजच मर्यादा ओलांडून उलटू शकते. सी भाषेत चिन्हांकित संख्येची बेरीज अशी ओलांडली की पुढे काय होईल याची हमीच नसते; कंपायलर ती तपासणी अनावश्यक समजून गाळूनही टाकू शकतो. म्हणून तुलना उलटी लिहितात : सुरुवातीची ओळ ही ‘कमाल वजा संख्या’ याहून मोठी आहे का? उत्तर तेच, पण वजाबाकी मर्यादेच्या आतच राहते.

शून्याने केलेली गंमतही पाहण्यासारखी आहे. पॅचमधली ओळ बाहेर लिहिताना तिच्या शेवटी ओळ-अखेरचे चिन्ह आहे की नाही, हे ग्नू पॅच पाहत असे. त्यासाठी ‘लांबी वजा एक’ या जागेवरचे अक्षर बघायचे. नेहमीच्या पॅचमध्ये ओळीची लांबी किमान एक असते, त्यामुळे कधी काही बिघडले नाही. वेड्यावाकड्या पॅचमध्ये लांबी शून्य निघाली आणि प्रोग्रॅम ‘वजा एक’ या जागी, म्हणजे ओळीच्या मेमरीच्या आधीच्या घरात, डोकावू लागला. २०१८च्या फेब्रुवारीत आलेल्या २.७.६ या आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली होती. दुरुस्ती एका अटीची होती : लांबी शून्य नसेल तरच बघा.

तीन ओळींचा घात

तिसरा धोका सगळ्यांत गंभीर ठरला. तो समजण्यासाठी ‘एड’ची ओळख हवी. एड हा युनिक्सचा अगदी सुरुवातीचा संपादक. त्याला ओळ क्रमांक आणि एका अक्षराची आज्ञा द्यायची : ‘५ डी’ म्हणजे पाचवी ओळ काढा, ‘५ ए’ म्हणजे पाचव्या ओळीनंतर पुढचा मजकूर घाला. मजकूर संपला की फक्त एक टिंब असलेली ओळ द्यायची. आज्ञा समजली नाही तर एड फक्त ‘?’ छापतो. पॅच जन्मण्याआधी लोक फरक पाठवायचे ते एडच्या आज्ञांच्या रूपात. म्हणून वॉल यांनी तोही प्रकार स्वीकारला. असा पॅच आला की तो स्वतः चढवण्याच्या भानगडीत न पडता थेट एड चालू करायचा आणि त्या ओळी त्याच्याकडे ढकलायच्या.

आता एडकडे एक आज्ञा अशीही आहे की, उद्गारचिन्हानंतर लिहिलेली कोणतीही कमांड यंत्रावर चालवली जाते. हे धोक्याचे आहे हे उघड आहे. म्हणून पॅच छाननी करायचा : ओळ आकड्याने सुरू होऊन मोजक्या अक्षरांपैकी एकाने संपत असेल तरच ती आज्ञा म्हणून पुढे पाठवायची. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ या चाळणीतून जाऊच शकत नाही. मात्र ‘मजकूर घाला’ अशी आज्ञा आली की त्यापुढच्या ओळी हा नुसता मजकूर असतो. त्यात काहीही असू शकते, म्हणून टिंब येईपर्यंत त्या न तपासता जशाच्या तशा पुढे जायच्या.

मेख इथेच मारली गेली. समजा फाइल तीन ओळींची आहे आणि पॅचची पहिली ओळ म्हणते : १३३७व्या ओळीनंतर मजकूर घाला. पॅचच्या दृष्टीने आज्ञा व्याकरणशुद्ध आहे. तो ती एडकडे पाठवतो आणि पुढच्या ओळींना मजकूर समजून डोळे मिटून पाठवत राहतो. एड फाइल पाहतो. १३३७वी ओळ तिथे नाहीच. तो ‘?’ छापतो, आज्ञा सोडून देतो आणि पुढची ओळ नवी आज्ञा म्हणून वाचतो. ती ओळ म्हणते : उद्गारचिन्हानंतरची कमांड चालवून तिचे उत्तर फाइलीत घे. एड आज्ञाधारक आहे. तो ती चालवतो.

पॅचच्या लेखी जो मजकूर होता तो एडच्या लेखी हुकूम ठरला. छाननी करणाऱ्याने आपले काम चोख केले होते, फक्त त्याचे आणि प्रत्यक्ष कृती करणाऱ्याचे वाचन वेगवेगळे होते.

युनिक्सच्या बीएसडी कुळातल्या पॅचमध्ये या जातकुळीची त्रुटी २०१५ मध्येच सापडली होती. ग्नूच्या पॅचमध्ये ती तीन वर्षे तशीच राहिली आणि २०१८ मध्ये सीव्हीई-२०१८-१०००१५६ या क्रमांकाने गाजली. दोघांचे मूळ वॉल यांच्याच कोडमध्ये असल्याने दुखणेही सामाईक होते.

दोघांनी उपाय मात्र वेगळे केले. ग्नू पॅचने एडच्या ओळी नळीतून (पाइपमधून) ढकलण्याऐवजी आधी तात्पुरत्या फाइलीत लिहायच्या आणि ती फाइल एडपुढे ठेवायची असे ठरवले. एडची खोड अशी की, नळीतून येणाऱ्या आज्ञांत चूक दिसली तर तो पुढे चालू राहतो. फाइलीतून येणाऱ्या आज्ञांत चूक दिसली तर जागीच थांबतो. त्यामुळे १३३७व्या ओळीची मागणी फसताच सगळे काम बंद पडते. ओपनबीएसडीने २०१५ मध्येच अधिक मुळाशी जाऊन घाव घातला होता. त्यांनी एडला बोलावणेच सोडले आणि ज्या चार-पाच आज्ञा डिफ खरोखर वापरतो तेवढ्याच समजणारा छोटा वाचक पॅचच्या आतच लिहिला. त्याला उद्गारचिन्ह ठाऊकच नाही. मग ते चालवणार कोण? मला दुसरा उपाय अधिक पटतो. पहिला उपाय एडच्या एका सवयीवर टेकलेला आहे, दुसरा कुणाच्याच सवयीवर टेकलेला नाही.

याच कोपऱ्यात आणखी एक जळमट होते. ग्नू पॅच एडला शेलमार्फत, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, हाक मारत असे आणि हाकेत फाइलीचे नाव असे. शेलच्या दृष्टीने काही चिन्हे म्हणजे हुकूम. नावात ती चिन्हे पेरली की पुन्हा तेच. एडला शेलच्या मध्यस्थीविना थेट चालू करणे हा त्यावरचा उपाय ठरला. इथेही दोन वाचक होते : एकासाठी ते नाव, दुसऱ्यासाठी ती आज्ञा.

पहारेकरी बाहेर, कारभारी आत

हाच प्रकार एका वेगळ्या जोडीत २०१४ मध्ये घडला होता. डेबियन या लिनक्स वितरणात सोर्स पॅकेज उघडणारे डीपीकेजी-सोर्स हे साधन पॅच प्रोग्रॅमला काम देण्याआधी स्वतः पॅच वाचून नावे तपासते. दरम्यान ग्नू पॅच २.७ मध्ये एक नवी सोय आली : अवतरणचिन्हांत लिहिलेली नावे सी भाषेच्या पद्धतीने उलगडायची, म्हणजे टिंबाऐवजी त्याचा अंकी संकेत लिहिला तरी चालायचे. तपासणाऱ्याला ही लिपी येत नव्हती. त्याला दोन टिंबे दिसलीच नाहीत. पॅचने मात्र संकेत उलगडून दोन टिंबे वाचली आणि फोल्डरबाहेरची वाट धरली. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने वहीत लिहून घेतलेला फ्लॅट एक आणि पाहुणा गेला तो भलत्याच मजल्यावर, असा मामला.

मग तपासणाऱ्यालाही ती लिपी शिकवली. तेव्हा उलटेच झाले. डेबियनच्या तत्कालीन जुन्या आवृत्तीत पॅच जुना होता, त्याला ती लिपी येत नव्हती. आता तपासणारा संकेत उलगडून एक नाव वाचू लागला आणि पॅच न उलगडता दुसरेच. त्रुटीला दुसरा क्रमांक मिळाला. कोणता वाचक अधिक हुशार हा प्रश्नच नव्हता. दोघांचे वाचन वेगळे असणे एवढेच घात व्हायला पुरेसे होते.

एकाच प्रोग्रॅमच्या पोटातही असे दोन वाचक राहू शकतात. सी भाषेत अक्षरांची माळ शून्य मूल्याच्या बाइटवर संपते असे मानतात. पण ओळ वाचणारी फंक्शने लांबी मोजून देतात आणि त्यांना मधल्या शून्याचे काही वाटत नाही. मग फाइल-नावाच्या मध्ये शून्य बाइट आला की प्रोग्रॅमच्या एका भागाला नाव पूर्ण दिसते आणि दुसऱ्याला अर्धे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नू पॅच २.८ने हा वादच मिटवला : पॅचच्या सूचनांच्या ओळींत शून्य बाइट चालणार नाही. ज्यांच्या नावात नवी ओळ आहे अशा फाइली तयार करणेही त्याने बंद केले.

कचरा ओतून पाहणे

अशा जागा सापडतात कशा? कोड डोळ्यांनी वाचून काही सापडतात, पण बऱ्याचशा सापडतात त्या प्रोग्रॅमवर कचरा ओतून. विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला : युनिक्सच्या नेहमीच्या साधनांना यादृच्छिक अक्षरे खाऊ घाला आणि कोण कोसळते ते पाहा. कल्पनेचे बीज एका वादळी रात्री फोनच्या तारेवरून आलेल्या खरखरीत होते. १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, तपासलेल्या साधनांपैकी चतुर्थांशाहून अधिक कोसळल्याचे दिसले. या पद्धतीला ‘फझिंग’ म्हणतात.

पुढे मिखाउ झालेव्स्की यांनी २०१३ मध्ये ‘एएफएल’ हे साधन आणले आणि ही पद्धत घरोघरी पोचली. ते नुसती अक्षरे उधळत नाही. एक खरा पॅच घेते, त्यात बारीक फेरफार करते, आणि ज्या फेरफारामुळे प्रोग्रॅमच्या आत नवी वाट चालली गेली तो जपून त्याच्यावर पुढचे फेरफार करते. जोडीला ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ असेल तर मेमरीच्या बाहेर एक पाऊल पडले तरी प्रोग्रॅम तिथल्या तिथे ओरडून थांबतो. नाहीतर अशी चूक महिनोन्‌महिने मुकाट राहते.

२०१८ मध्ये ग्नू पॅचमध्ये नोंदलेल्या दोन त्रुटी या संदर्भात बोलक्या आहेत. पहिली नाव बदलण्याच्या सूचनेची. गिटच्या पद्धतीत ‘या नावावरून’ आणि ‘त्या नावाकडे’ अशा दोन ओळी लागतात. एकच दिली तर? दोन्ही नावे आहेत का हे पाहणारी अट कोडमध्ये होती, पण ती दोनांपैकी एकच नाव बघत होती. दुसरे नाव नसताना प्रोग्रॅम रिकाम्या पत्त्यावर हात घालायचा आणि कोसळायचा. अट लिहिणाऱ्याला धोका दिसला होता. हात एका बाजूने पुरला, दुसऱ्या बाजूने नाही.

दुसरी अधिक खोल होती. जुन्या ‘कॉन्टेक्स्ट डिफ’ या प्रकारात कधी कधी हंकचा अर्धा भाग दिलेला नसतो. पॅच तो उरलेल्या भागावरून भरून काढतो. भरलेल्या ओळी मूळ ओळींच्याच मेमरीकडे बोट दाखवतात, म्हणून ‘इथून इथपर्यंत भरलेल्या ओळी’ अशी नोंद ठेवली जाते. नाहीतर मेमरी परत करताना एकच जागा दोनदा परत होईल. हंक उलटा करताना ही नोंदही उलटावी लागते. हंकच्या मधोमध एक रिकामी ओळ असेल तर हिशेब एका घराने चुकायचा, नोंद सरकायची आणि एकच मेमरी दोनदा परत केली जायची. सी भाषेत याचा परिणाम कोसळण्यापासून ते कुणीतरी ताबा घेण्यापर्यंत काहीही होऊ शकतो. यावर केलेली दुरुस्ती पूर्ण नव्हती, असे सांगणारा आणखी एक क्रमांक २०१९च्या मालिकेत नोंदला गेला.

मग सुरक्षित साधन कसे लिहावे?

इतक्या घटना ओळीने मांडल्या की त्यांतून काही नियम आपोआप वर येतात. त्यांतला पहिला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो : वाचणे आणि करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात आणि वाचन एकदाच व्हावे. सगळा पॅच आधी वाचून त्याचे आतल्या, नि:संदिग्ध रचनेत रूपांतर करायचे : कोणती फाइल, कितवी ओळ, काय काढायचे, काय घालायचे. त्यानंतर मूळ मजकुराकडे पुन्हा फिरकायचे नाही. पुढचा प्रत्येक भाग त्या रचनेवरूनच काम करील. दुसरा वाचक नसला की दुसरा अर्थही उरत नाही.

दुसरा नियम, शंका आली की थांबावे. आकडे मजकुराशी जुळत नाहीत, नाव अर्धवट आहे, ओळ मध्येच संपली, तर अंदाज न बांधता ‘अमुक ओळीत पॅच बिघडलेला आहे’ असे सांगून काम सोडावे आणि फाइलींना हात लावू नये. दहापैकी सहा हंक चढवून सातव्यावर कोसळणे हे सरळ नकारापेक्षा वाईट. म्हणून नवी फाइल शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहावी आणि सगळे जमले तरच जुन्या जागी आणावी.

तिसरा नियम मर्यादांचा. ओळीची लांबी, हंकचा आकार, एकूण मेमरी यांना वरची हद्द असावी. मेमरी पॅचने सांगितलेल्या आकड्यावरून मागू नये. प्रत्यक्ष वाचलेल्या ओळींवरून वाढवत न्यावी. चौथा नियम, सापडलेल्या प्रत्येक चुकीचा नमुना चाचण्यांत कायमचा ठेवावा. १३३७व्या ओळीचा तो पॅच आज ग्नू पॅचच्या चाचण्यांत जसाच्या तसा आहे. दर बदलानंतर तो चालवला जातो आणि दर वेळी तो फसलाच पाहिजे.

मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्टसारख्या भाषेत हे साधन नव्याने लिहिले तर काय होईल? दोनदा परत केलेली मेमरी आणि वजा एकाव्या घरातले डोकावणे हे प्रकार जवळपास नाहीसे होतील. सिमलिंक, दोन टिंबे आणि एडची करामत मात्र जशीच्या तशी राहील, कारण त्या चुका भाषेच्या नाहीत, समजुतीच्या आहेत. भाषा बदलून निम्मे दुखणे जाते. उरलेले निम्मे विचार करूनच घालवावे लागते.

या कडकपणाची किंमतही आहे. पूर्वी निमूट चढणारे काही जुने पॅच आता नाकारले जातात आणि ज्यांचे काम अडते ते चिडतात. एकेकाळी जी आपुलकीची मदत होती ती काढून घेतल्यासारखे वाटते. पण अंदाज बांधण्याची सोय हवी असेल तर ती वापरणाऱ्याने स्पष्टपणे पर्याय देऊन मागावी, न मागता मिळू नये. ग्नू पॅचमध्ये सिमलिंकच्या मागे जाण्याबाबत आज हेच धोरण आहे.

पॅच वापरणाऱ्यांसाठी, मग ते कंपनीत पॅकेज बांधणारे असोत की अभियांत्रिकीच्या प्रकल्पात लिनक्सशी झटापट करणारे विद्यार्थी, चार गोष्टी पुरेशा आहेत. यंत्रावरचा पॅच कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहा आणि जुना असेल तर अद्ययावत करा. अनोळखी पॅच आधी फाइली न बदलणाऱ्या ‘ड्राय-रन’ पर्यायाने चालवून पाहा. फाइल-नावांच्या ओळी आणि नाव बदलण्याच्या वा सिमलिंकच्या सूचना डोळ्यांखालून घाला; पॅच एडच्या आज्ञांचा निघाला तर तो सरळ परत पाठवा, आजच्या काळात तो कुणी पाठवण्याचे कारण नाही. आणि पॅच चढवताना रूट, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून कधीही लॉगिन करून राहू नका. पाचवी गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी : बाहेरून आलेला मजकूर तुमचा कोड तपासत असेल आणि त्यावर दुसराच कोड कृती करत असेल, तर दोघे तो एकसारखाच वाचतात का, हे आजच पडताळून पाहा.